जरा कमी काढ

झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी नेहमीचा माणूस नव्हता, त्याची बायको बसली होती. मी पेनड्राइव्ह पुढे केला, चोवीस पानं, रंगीत, एका बाजूला, असं सांगितलं, तर तिने मला जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "मुलांना घरीच शिकवता त्या तुम्हीच ना?" मी हो म्हणाले. यानंतर काय येतं ते मला पाठ आहे: मग त्यांना मित्र कसे मिळणार, मग परीक्षांचं काय, मग बाई तुमच्या धीराची कमाल आहे. ती यातलं काहीच म्हणाली नाही. खाली वाकली, काउंटरखालच्या कप्प्यातून एक जाडजूड खाकी पाकीट ओढून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "मग हे तुमच्याच घरचं. किती महिने पडलंय इथं. हे म्हणतात, हात लावू नकोस, पोरीने विश्वासाने ठेवलंय. पण जागा किती अडवायची माणसाने? आज हे नाहीत, तर म्हटलं देऊन टाकावं." कुठली पोरगी, मी विचारलं. "मोठी हो. दूध न्यायला उतरते तेव्हा येते. नवं चित्र झालं की इथं आणून ठेवते. घरी ठेवली तर फाटतात म्हणते." मग मशीन सुरू करता करता, माझ्याकडे पाठ करून, ती म्हणाली, "हात आहे पोरीला."

चोवीस पानं निघेपर्यंत मी थांबले नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि पाकीट उघडलं. माझी थोरली तेरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर, आठवड्यातून तीनदा, माझ्या डोळ्यांदेखत ती चित्रं काढते. बटाट्याला काड्या टोचाव्यात तशी तिची माणसं असतात, घराला त्रिकोणी छप्पर, कोपऱ्यात पाव सूर्य. मी त्या प्रत्येक चित्रामागे तारीख घालून ते फायलीत लावलंय, आणि मनातल्या मनात म्हटलंय की जाऊ दे, सगळ्यांनाच सगळं येत नाही. आता माझ्या मांडीवर जे होतं त्यात तिचा भाऊ पाठमोरा बसला होता आणि त्याच्या मानेवरचा केसांचा भोवरासुद्धा बरोबर जागच्या जागी होता. धाकटी तोंड उघडं टाकून झोपली होती. बापाचे हात होते, लिफ्टच्या दोरखंडाचं वंगण नखांत गेलेले. आणि मी होते. एकदा नाही, अकरा वेळा. कामाच्या टेबलाशी वाकलेली मी, फोन कानाशी धरलेली मी, कुणावर तरी ओरडत असलेली मी. एका चित्रात माझे ओठ मागे ओढले गेलेत आणि खालचे दात दिसतायत, आणि त्यातला डावीकडचा एक शेजारच्यावर किंचित चढलेला आहे. हा दात मला माहीत आहे, कारण माझा धंदाच दातांचा आहे, मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. तिला तो कसा माहीत? तो दात दिसायला मी तोंड किती वेळ तसं ठेवलं असेल? अकरांपैकी एकाही चित्रात मी हसत नव्हते.

आधी जे वाटलं ते सांगते, कारण नंतर जे वाटलं ते सांगणं सोपं आहे. मला अभिमान वाटला नाही. माझा तिळपापड झाला. दोन वर्षं ही कार्टी मला बनवत होती. मी तिच्यासमोर बसून वर्तुळाचं अंडं कसं करायचं, अंड्याचा चेहरा कसा करायचा, हे समजावत होते, आणि ती मान डोलवत, जीभ बाहेर काढून, मन लावून बटाटे काढत होती. नाटकी. झेरॉक्सवाल्याला माहीत, त्याच्या बायकोला माहीत, कदाचित दूधवाल्यालाही माहीत. आईलाच तेवढं माहीत नाही. मी पायरीवरून उठले आणि पाकीट काखेत मारलं. मी घरी निघाले. चोवीस पानं तिथेच राहिली.

ती चोवीस पानं म्हणजे 'सगळं घर, एक धडा' या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाचा फुकट नमुना; त्याचे व्हिडिओ आम्ही दोन वर्षं नुसतेच बघून वापरत होतो. कलेसाठी काय निवडलं हे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, घरी शिकवणाऱ्यांना दर वर्षी द्यावा लागतो त्या तपासणीच्या फॉर्मात भरायचं होतं. भाषा भरली होती, गणित भरलं होतं, विज्ञान, इतिहास, अगदी शारीरिक शिक्षणसुद्धा भरलं होतं, पण कलेचा रकाना कोरा होता. मागच्या वर्षी मी तिथे 'आवडीनुसार' लिहिलं होतं, तर तपासनीस बाईंनी त्यावर लाल पेनाने 'म्हणजे काय?' असं लिहून फॉर्म परत पाठवला. म्हणून या वेळी तीन आठवडे मी तीन अभ्यासक्रम पुढ्यात घेऊन बसले होते. पहिला हा, ज्यात पिवळा एप्रन घातलेली एक बाई व्हिडिओत सतत हसते आणि म्हणते की पाच वर्षांचं मूल असो की पंधरा, सगळे एकच फूल काढतील, फक्त आपापल्या पायरीने, आणि घर कसं एकत्र राहील. दुसरा पायऱ्यांचा, प्रत्येक मुलाला वेगळं पुस्तक, वेगळी पेटी, वेगळी वेळ, म्हणजे माझ्या दिवसाचे आणखी तीन तुकडे. तिसऱ्यात काहीच नाही, मुलांना बाहेर न्या आणि एक वही द्या एवढंच, आणि हे सांगायला त्यांनी दोनशे पानं घेतली आहेत. मी तक्ता केला होता. वय, साहित्य, वेळ, पसारा, आईची गरज. तिन्हींत आईची गरज 'जास्त' होती. नवऱ्याला तक्ता दाखवला तर तो बूट घालता घालता म्हणाला, "कुठलंही घे गं. चित्रंच तर आहेत." हा माणूस बाराव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा राहून एकेक नट हाताने चाचपून बघतो, तिथे कुठलाही नट चालत नाही त्याला.

पण पहिलाच घेणार होते मी, हे मला तक्ता करायच्या आधीपासून माहीत होतं. कारण माझी धाकटी. तिला आम्ही शेंडेफळ म्हणतो, पण फळ कसलं, सुतळी बॉम्ब आहे. तिला स्वतःपेक्षा चांगलं काही बघवत नाही. थोरलीने एकदा घोडा काढला होता, मधला म्हणतो खरा घोडा, गुडघे कुठे वळतात ते दिसणारा, मी तर तुकडेसुद्धा नीट पाहिले नाहीत, तेव्हा धाकटीने तो फाडला, आणि मग स्वतःचाही फाडला, आणि मग थोरलीच्या दंडाला चावली. त्यानंतर मला तो व्हिडिओ सापडला आणि पिवळ्या एप्रनच्या बाईने माझं घर वाचवलं. सगळे एक फूल काढू लागले. फुलं हळूहळू एकसारखी दिसू लागली आणि टेबलावर शांतता आली. मी या शांततेचं श्रेय त्या बाईला देत होते. चार घरांत, घरी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याच चार बायांना, मी हा अभ्यासक्रम कौतुकाने सुचवला होता. अजून एक-दोघी तो वापरतात.

आणि थोरली मुळात घरी का आहे? चालता चालता हा प्रश्न पुढे आला आणि मी तो नेहमीसारखा बाजूला सारू शकले नाही. शाळेतून काढायला हवा होता तो मधला. तो सहा वर्षांचा असताना शाळेत बोलेनासा झाला, चार महिने एक शब्द नाही, बाईंनी विचारलं तरी नाही, लागलं तरी नाही. बाप त्याला अजून मौनीबाबा म्हणतो आणि हसतो, कारण तेव्हा तो स्वतः रडला होता. मधल्याला घरी आणणं भाग होतं, त्यात माझी चूक नाही, आजही मी तेच करेन. थोरलीचं शाळेत उत्तम चाललं होतं. तिला मैत्रिणी होत्या, तिला शाळेचा जिनासुद्धा आवडायचा. तिला मी काढली कारण एकाला घरी शिकवायचं आणि दुसरीला सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं, आणि मधल्या वेळात माझी कवळी, हे मला जमेना. सोयीसाठी. लोकांना मी सांगते की आम्ही विचारपूर्वक निर्णय घेतला. विचार होता तो वेळापत्रकाचा.

दार उघडलं तेव्हा तिघं टेबलाभोवती होती. 'आपलं घर' हा धडा चालू होता, थोरली त्या दोघांना सांगत होती की आधी चौकोन काढा. तिच्या कागदावर त्रिकोणी छप्पर होतं, धुरांडं होतं, कोपऱ्यात पाव सूर्य. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. पाकीट तिच्या कागदावर ठेवलं. तिने ते ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम रिकामा झाला.

"हे काय आहे?"

"चित्रं."

"कोणाची?"

"माझी."

"आणि हे? हे बटाटे? हे कोणाचे?"

"ते पण माझेच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. माझ्यात आणि तिच्यात हा फरक आहे.

"दोन वर्षं आईला मूर्ख बनवायला लाज नाही वाटली? अगं, मी इथे बसून तुला नाक काढायला शिकवत होते."

"तूच म्हणालीस."

"मी काय म्हणाले?"

"जरा कमी काढ."

मी असं काही म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, हे सांगायला की मी माझ्या मुलीला असं म्हणणारी बाई नाही, आणि तेवढ्यात मधला बोलला. जो दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो, त्याने त्यातलं एक यावर खर्च केलं. रंगवणं न थांबवता म्हणाला, "म्हणाली होतीस. घोड्याच्या दिवशी. मी होतो ना."

मग मला ते मेण आठवलं. वाक्याआधी मेण आठवलं. मी मागच्या खोलीत होते, वरची कवळी मेणावर लावत होते, चौदांपैकी नऊ दात बसले होते आणि दहाव्यासाठी मेण मऊ होतं, ते चार श्वासांत गार होतं. बाहेर किंकाळी झाली. थोरली दारात आली, एका हाताने दंड धरून, दुसऱ्या हातात घोड्याचे तुकडे. ती काही सांगत होती आणि मी वर पाहिलं नाही. मी म्हणाले, जरा कमी काढ ना गं. मोठी आहेस. तिला तुझ्यासारखं नाही जमत, तर तू थोडं तिच्यासारखं काढ, काय बिघडतं? दहावा दात नीट बसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी विसरले. माझं सगळं काम याच जातीचं आहे. माझ्याकडे दातांच्या छटांची पट्टी आहे, सोळा छटा, ती गिऱ्हाइकाच्या खऱ्या दाताशी धरायची आणि नवा दात असा करायचा की तो उठून दिसू नये. शेजाऱ्याइतकाच पिवळा, शेजाऱ्याइतकाच झिजलेला. माझा नवीन दात कुणाला ओळखू येत नाही, हीच माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी तीच पट्टी पोरीला लावली आणि ती पोर गुणी निघाली. तिने अंदाज घेतला, शेंडेफळ तीन वर्षांची होती तर तीन वर्षांचं काढलं, ती पाचची झाली तर पाचचं काढलं. प्रत्येक वर्षी थोडं सुधारत गेली, बरोबर तेवढंच. हे करायला किती बारीक नजर लागत असेल हे मला कळतं. माझ्या धंद्यातल्या चांगल्या चांगल्यांना ते साधत नाही.

मला मुलीला जवळ घ्यायला हवं होतं. शहाण्या आईने तेच केलं असतं. पण माझा राग कमी होईना, तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. लहानपणी मी आणि ताई चौथ्या मजल्यावर राहायचो, आणि शाळेतून आल्यावर जिन्यावर शर्यत लावायचो. मी जिंकायचे. रोज. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, लांब पायांची, तरी मी जिंकायचे, आणि तिसऱ्या मजल्यावर तिच्या बुटाची नाडी सुटलेली असायची हा मला निव्वळ योगायोग वाटायचा. मी स्वतःला पळणारी समजत होते. सव्वीस वर्षांची असताना एकदा भांडी पुसता पुसता ताई सहज बोलून गेली, "अगं, किती वेळा ती नाडी सोडावी लागायची मला." ती हसत होती. मी तिच्याशी तीन महिने बोलले नाही. कुणाला सांगताही येईना की रागवायचं कशावर, तिने तर मायाच केली होती. पण तिने माझ्या सगळ्या शर्यती नेल्या. एकही उरली नाही जी मी खरंच धावले होते. आणि तेच मी माझ्या धाकटीला दोन वर्षं खाऊ घालत होते, आणि घालायला तिच्या बहिणीचे हात वापरत होते.

फोन वाजला. नवरा. "फॉर्म भरलास का? काय टाकलंस मग?" मी त्याला सांगितलं. सगळं, उभ्याउभ्या, ओरडून. पलीकडे लिफ्टच्या खड्ड्यातला घुमणारा आवाज होता, कुणीतरी पाना आपटत होतं. तो म्हणाला, "आता काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ." मी म्हणाले, दातांच्या म्हणी तू मला शिकवू नकोस, आणि फोन ठेवला. मग मी लॅपटॉप ओढला. दुसऱ्या अभ्यासक्रमाचं पान उघडलं, पायऱ्यांचं, सगळ्यात वरची पायरी, मानवी शरीर, छायाप्रकाश, कोळशाच्या कांड्या, आठवड्याला तीन तास. "हे," मी थोरलीला म्हणाले. "हे मागवते तुझ्यासाठी. आजच. आपण दोघी बसू, तू आणि मी, वेगळं बसू. जे गेलं ते भरून काढू."

"नको."

"का नको? तुझ्याच पायरीचं आहे."

"तू बसणार ना शेजारी," ती म्हणाली. "तू बघतेस ना, आई, तेव्हा मला कळतं तुला केवढं पाहिजे ते. मग हात तेवढंच काढतो."

हे तिने मला लागावं म्हणून म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तर देता येतं. पण ती नुसती सांगत होती, दात दुखतो तो कुठला हे पेशंट बोटाने दाखवतो तसं.

"मग काय हवंय तुला?"

तिने लगेच सांगितलं, म्हणजे ते कधीचं तयार होतं. "तुझी खोली. दोन ते चार. आणि कुणी यायचं नाही. तू पण नाही."

या घरात तीन खोल्या आहेत. एकीत तिघं झोपतात, एकीत टेबल आणि आम्ही, आणि आतून कडी लागते अशी एकच, मागची, जिथे माझं काम आहे. दोन ते चार धाकटी झोपते किंवा झोपल्यासारखं करते, ते माझे कामाचे तास. त्याच वेळी दंतवैद्यांचे फोन येत नाहीत. त्याच वेळी मी कुणाची आई नसते. माझ्या नावावर या घरात एवढंच आहे, तीन हात लांब टेबल, एक दिवा आणि दोन तास, आणि ही पोरगी नेमकं तेच मागत होती. "माझी खोली?" मी म्हणाले. "आणि मी काम कुठे करू? डोक्यावर?" पाकिटातून बाहेर आलेली चित्रं ती परत नीट आत सारत होती, कडा जुळवत, आणि ती पुन्हा कुठे ठेवायची याचा हिशेब तिच्या कपाळावर दिसत होता. ती हट्ट करणार नव्हती. रडणार नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर तिने तो चौकोन पूर्ण केला असता, दाराला गोल कडी काढली असती, आणि पुढची पाच वर्षं मला हवं तेवढंच काढलं असतं. मला ते स्पष्ट दिसलं आणि मला तिचा इतका राग आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या बहिणींचा हा समजूतदारपणा म्हणजे लबाडी आहे. लबाडी शिकवणारे आम्हीच.

मी मागच्या खोलीत गेले आणि आवरायला लागले. आदळआपट केली, लपवत नाही. मेणाच्या वड्या, सुरी, स्पिरिटचा दिवा, दंतवैद्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची खालची कवळी, सगळं एका ट्रेमध्ये भरलं आणि ट्रे पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर आणून ठेवला. टेबल कोरड्या फडक्याने पुसलं. दिव्याची मान तिच्या उंचीला वळवली, मग वाटलं हेसुद्धा माझंच शहाणपण, आणि तशीच सोडली. थोरली दारात उभी होती, पाकीट छातीशी धरून. "आजपासून?" तिने विचारलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणाले, "बस आता. वीस मिनिटं गेलीच तुझी."

ती आत गेली. मी दाराशीच उभी राहिले, का ते माहीत नाही, बहुधा ती काहीतरी म्हणेल म्हणून. तिने खुर्ची ओढली, कागद काढला, पेन्सिल घेतली आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, दार लावून घे." मी लावलं. आतून कडीचा आवाज आला.

फॉर्म मी पॅसेजमध्येच भरला, खाली बसून, ट्रेला टेकून. धाकट्या दोघांसाठी पायऱ्यांचा अभ्यासक्रम लिहिला, वेगळी पुस्तकं, वेगळी वेळ. थोरलीच्या रकान्यात लिहिलं: रोज दोन तास, बंद दार, शिक्षक नाही. तपासनीस बाई लाल पेन काढतील. काढू देत, त्यांना या वेळी म्हणजे काय ते मी तोंडाने सांगणार आहे, आणि त्या ऐकतील. त्या पिवळ्या एप्रनवालीला लिहायचं पत्रही मी मनात अर्धं जुळवलं होतं, आणि मी ज्यांना तिचं गुणगान सांगितलं होतं त्या चार बायांना काय सांगायचं तेही.

तेवढ्यात शेंडेफळ आली. एका हातात तिचं घर, दुसऱ्या हातात तेलखडू. तिने बंद दार पाहिलं, मला जमिनीवर पाहिलं, दाराला पायाने एक हलकी लाथ मारून पाहिली. "ताई आत काय करतेय?"

"चित्र काढतेय."

"घर?"

"मला माहीत नाही."

ती विचारात पडली. मला माहीत नाही हे तिने माझ्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. मग ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, तिच्या श्वासाला तेलखडूंचा वास होता, म्हणजे पुन्हा चावून झाले होते. तिने तिचं घर माझ्या नाकासमोर धरलं. चौकोन, त्रिकोण, पाव सूर्य. दोन वर्षं याच्यासारखं हुबेहूब दुसरं एक चित्र शेजारी पडलेलं असायचं, आणि दोन्हींकडे बघून मी म्हणायचे, वा, दोघींनी किती छान काढलं.

"ती माझ्यापेक्षा चांगलं काढते?"

दाराच्या आत पेन्सिलीचा आवाज होता, न थांबणारा. माझ्या जिभेवर निदान चार उत्तरं तयार होती, सगळी गोड, सगळी वापरून गुळगुळीत झालेली.

"हो," मी म्हणाले. "खूपच."

ती माझ्याकडे बघत राहिली. असं उत्तर असू शकतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, चेहरा लाल झाला, आणि तिने तोंड उघडून असं भोकाड पसरलं की मधला टेबलावरून उठून बघायला आला. ती माझ्या खांद्यावर मुठी मारत होती. मी तिला धरून ठेवलं आणि रडू दिलं, आणि गप्प बस असं तिला म्हटलं नाही, आणि दारही वाजवलं नाही.